तीन सामन्यांत एक गोल: एरिक्स पेटर्सन्सची कारकीर्द कशी वाचायची

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. लात्व्हियाचा एरिक्स पेटर्सन्स हा दोन महायुद्धांमधल्या काळातला फॉरवर्ड. त्याच्यावर तुम्ही मराठीत लेख लिहिताय. साठाहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आणि वीसहून अधिक गोल एवढं सगळीकडे सापडतं, पण नेमका आकडा एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा. शिवाय तुम्हाला खटकतंय ते असं: तो वर्ल्ड कप खेळला नाही, कुठल्या मोठ्या परदेशी क्लबात गेला नाही आणि सरासरी काढली तर तीन सामन्यांत एक गोल पडतो. मग लात्व्हियात त्याला इतका मान का? आणि लेखात कुठला आकडा छापायचा?

मी बरीच वर्षं क्रीडा पानावर काम केलं आणि त्या काळापासून मला युरोपातल्या महायुद्धांमधल्या फुटबॉलच्या नोंदी लावायचा नाद आहे. बाल्टिक देश, म्हणजे लात्व्हिया, एस्टोनिया आणि लिथुएनिया, हा त्यातला माझा जिव्हाळ्याचा भाग. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत असं वाटतं, पण त्यांच्या तळाशी एकच अडचण आहे. आजच्या खेळाडूची कारकीर्द ज्या साच्यात बसते तोच साचा तुम्ही 1930 च्या खेळाडूला लावताय. क्लब, बदली, वर्ल्ड कप, गोलांची सरासरी. यातली एकेक गोष्ट पेटर्सन्सच्या काळात होती का, आणि होती तर कोणत्या रूपात, हे बघितल्याशिवाय तो मोठा की साधारण हे ठरवता येत नाही. तेव्हा आधी आकड्याचं बघू आणि मग त्या आकड्याच्या अर्थाचं.

आकड्यात फरक पडतो तो बहुतेक वेळा हलगर्जीपणामुळे नसतो, कुठला सामना धरायचा यावरून पडतो. त्या काळी राष्ट्रीय संघ परदेशी क्लबांशी खेळत, दुसऱ्या देशाच्या 'ब' संघाशी खेळत, कधी रिगा शहराचा निवडक संघ पाहुण्यांशी खेळे आणि वर्तमानपत्र त्याच उत्साहाने बातमी देई. यातले कुठले सामने 'अधिकृत' हे ज्याने त्याने नंतर ठरवलं. याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. 25 सप्टेंबर 1938 या एकाच दिवशी पोलंडचे दोन राष्ट्रीय संघ मैदानात होते. एक वॉर्सात युगोस्लाव्हियाशी खेळला, तो सामना 4-4 असा सुटला. दुसरा रिगात लात्व्हियाशी खेळला आणि 2-1 असा हरला. पोलंड दोन्ही सामने आपल्या अधिकृत यादीत धरतं. पण कुणी म्हणालं की रिगात आलेला पोलंडचा संघ पहिल्या फळीचा नव्हता, तर तेही खोटं नाही. अशा सामन्यातला गोल धरायचा की नाही, हे तुम्ही कुठला नियम मानता त्यावर अवलंबून आहे. मी स्वतः दोन्ही देशांच्या संघटनांनी मान्य केलेला सामना धरतो, नाहीतर सोडतो. तुम्ही दुसरा नियम धरलात तरी हरकत नाही. फक्त एकदा धरलेला नियम सगळ्या खेळाडूंना सारखा लावा आणि तो लेखात एका वाक्यात सांगून टाका.

गोल कुणाचा हाही वादाचा भाग असतो. बचावपटूच्या पायाला लागून आत गेलेला चेंडू एक बातमीदार फॉरवर्डच्या नावावर लिहितो, दुसरा स्वयंगोल म्हणतो. पाठीवर आकडे नव्हते. पावसात, चिखलात, गोलपासून लांब बसलेल्या बातमीदाराला गर्दीतून कुणाचा पाय लागला हे कळणं अवघडच. म्हणून एका सामन्यासाठी मी एका वर्तमानपत्रावर कधीच थांबत नाही. रिगात त्या काळी लॅटव्हियन भाषेत 'याउनाकास झिन्यास', जर्मनमध्ये 'रिगाशे रुंडशाउ' आणि रशियनमध्ये 'सेवोद्न्या' अशी दैनिकं निघत. तिन्हींचा वाचकवर्ग वेगळा, बातमीदार वेगळा. दोघांनी एकच नाव दिलं तर मी गोल त्या नावावर टाकतो.

लात्व्हियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी नियतकालिकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत, पण शोधताना एक अडचण येते आणि तिथे बरेच लोक हात टेकतात. 1920 च्या दशकात लॅटव्हियन छपाई बऱ्याच प्रमाणात जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत आणि जुन्या लेखनपद्धतीत होती. त्या पद्धतीत दीर्घ स्वर दाखवायला स्वरापुढे 'एच' हे अक्षर लावत, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' वापरत आणि 'श' लिहायला जर्मनसारखी तीन अक्षरं जोडत. म्हणजे पेटर्सन्सच्या आडनावातल्या पहिल्या स्वरानंतर एक 'एच' येऊ शकतो, त्याचा संघसहकारी वेस्टरमान्स 'डब्ल्यू'ने सुरू होतो आणि दुसरा सहकारी शैबेलिस त्या तीन जर्मन अक्षरांनी. आजचं स्पेलिंग टाकून शोधलंत तर अर्धे सामने हाती लागणार नाहीत. मी प्रत्येक नावाची चार-पाच रूपं आधी कागदावर मांडून घेतो आणि मगच शोधायला बसतो. त्यातही पेटर्सन्स हे तिकडे अतिशय सर्रास आडनाव. त्याच काळात याच आडनावाचे दुसरे खेळाडूही होते, त्यामुळे नुसतं आडनाव दिसलं म्हणून नोंद त्याच्या नावावर टाकू नका. क्लब आणि बाकीचे दहा जण जुळतात का ते बघा.

आता मुख्य मुद्दा. तीन सामन्यांत एक गोल हे कमी आहे का?

तुम्ही 'फॉरवर्ड' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यापुढे आजचा एकटा स्ट्रायकर असतो. 1930 च्या आसपास मध्य आणि पूर्व युरोपात बहुतेक संघ 2-3-5 अशा मांडणीने खेळत: दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. पाच जणांत दोन विंगर, एक सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्या दोन बाजूंना इनसाइड राइट आणि इनसाइड लेफ्ट. गोल मारण्याची मुख्य जबाबदारी सेंटर फॉरवर्डची. इनसाइडवाले मागे उतरून हाफकडून चेंडू घेत आणि पुढे पुरवत. नोंदवहीत हे पाचही जण 'फॉरवर्ड'च. शिवाय दहा वर्षांत खेळाडूची जागा बदलते, पाय जड झाले की तो मागे सरकतो. म्हणून एका माणसाच्या साठ सामन्यांची एकच सरासरी काढणं म्हणजे दोन-तीन वेगवेगळी कामं एका पोत्यात भरणं आहे.

जागा ओळखायची कशी? पाठीवर आकडे नसले तरी वर्तमानपत्रं संघ छापताना एक क्रम पाळत: गोलकीपर, मग बॅक, मग हाफ, मग पाच फॉरवर्ड, आणि प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे. शेवटच्या पाच नावांत तुमचा माणूस कितवा आहे हे बघितलं की तो त्या दिवशी इनसाइडला होता, मध्ये होता की विंगवर, हे बऱ्यापैकी कळतं. मी प्रत्येक सामन्यापुढे तेवढा एक रकाना ठेवतो. तो भरला की सरासरी आपोआप दोन-तीन तुकड्यांत विभागली जाते आणि मग ती काहीतरी सांगायला लागते. चेंडू कुणी पुरवला याची नोंद मात्र तेव्हा कुणीच पद्धतशीर ठेवत नसे. इनसाइडला खेळणाऱ्याचं निम्मं काम कागदावर आलेलंच नाही, हे मनात धरून चाला.

शेजाऱ्याशी तुलना केली की चित्र आणखी स्वच्छ होतं. एस्टोनियाचा त्याच पिढीतला नावाजलेला गोल करणारा खेळाडू म्हणजे एडुआर्ड एलमान-ईल्मा. त्याचे 60 सामन्यांत 21 गोल. म्हणजे तोही तीन सामन्यांत एकाच्या जवळपास. एस्टोनियासाठी सर्वाधिक गोलांचा त्याचा विक्रम दशकानुदशकं टिकला. दोन शेजारी देश, लोकसंख्या कमी, प्रतिस्पर्धी बऱ्याच अंशी तेच, आणि दोघांचेही सर्वांत यशस्वी फॉरवर्ड याच प्रमाणात. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे: त्या भागात, त्या काळात, दीर्घकाळ संघात राहिलेल्या फॉरवर्डसाठी हे प्रमाण उत्तम होतं. याहून मोठी सरासरी असलेले खेळाडू सापडतील, पण त्यांचे सामने बघा, बहुधा निम्मेही नसतात.

सामन्यांचं वेळापत्रकही बघितलं पाहिजे. बाल्टिक चषक 1928 मध्ये सुरू झाला. तीन देश, एकच यजमान शहर आणि बहुधा सलग तीन दिवसांत सगळा खेळ. म्हणजे एका संघाला लागोपाठच्या दिवशी दोन सामने खेळावे लागत, बदली खेळाडू नाही, जड चामड्याचा चेंडू, तो ओला झाला की आणखी जड. एस्टोनियातल्या तालिनला किंवा लिथुएनियातल्या कौनासला जायचं तर रेल्वे, स्वीडनला जायचं तर बोट. लात्व्हियाने 1928, 1932, 1936 आणि 1937 मध्ये हा चषक जिंकला. आज आपण त्याला मैत्रीपूर्ण स्पर्धा म्हणून बाजूला सारतो, पण तिथल्या लोकांच्या लेखी वर्षातली ती सर्वांत मोठी गोष्ट होती. एस्टोनियाशी हरणं आणि स्वीडनशी हरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. म्हणून पेटर्सन्सचे गोल लावताना मी प्रतिस्पर्ध्याचा रकाना तीन गटांत करतो: बाल्टिक शेजारी, उत्तरेकडचे आणि मध्य युरोपातले बलवान संघ, आणि बाकीचे. पहिल्या गटातले गोल 'सोपे' म्हणून कमी लेखू नका. घरच्या प्रेक्षकांच्या स्मरणात तेच गोल राहिले.

क्लबाबद्दल तुम्ही म्हणालात की तो मोठ्या क्लबात गेला नाही. तो आरएफकेचा, म्हणजे रिगाच्या फुटबॉल क्लबाचा खेळाडू. लात्व्हियात त्याहून मोठा क्लब एकच म्हणता येईल, तो लिएपाया या बंदराच्या गावातला ओलिंपिया. लिएपायाची वस्ती साठ हजारांच्या आसपास, पण या संघाने 1927, 1928 आणि 1929 अशी सलग तीन विजेतेपदं घेतली. मग 1930 आणि 1931 मध्ये आरएफके, 1933 मध्ये पुन्हा ओलिंपिया, 1934 आणि 1935 मध्ये आरएफके, आणि तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात परत ओलिंपियाचं वर्चस्व. मधे 1932 चं विजेतेपद एएसके या लष्करी क्लबाने नेलं, तेवढाच काय तो खंड. राजधानी विरुद्ध बंदर हीच त्या देशाच्या फुटबॉलची जिवंत कहाणी होती आणि पेटर्सन्स तिच्या अगदी मधोमध उभा होता. 1935 च्या जनगणनेत लात्व्हियाची एकूण लोकसंख्या 19 लाखांच्या वर, म्हणजे आजच्या पुणे शहराहूनही कमी. त्यात खेळाडू हौशी. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. हंगाम वसंत ऋतूत सुरू होऊन शरदात संपे, कारण हिवाळ्यात मैदानं गोठलेली. त्याच मंडळींतले काही जण हिवाळ्यात आइस हॉकी खेळत, अगदी देशाच्या संघातूनसुद्धा. परदेशी क्लबात जाण्याचा रस्ता अगदीच बंद होता असं नाही, पण तो व्यावसायिक फुटबॉल असलेल्या मोजक्या देशांकडे जाणारा अरुंद रस्ता होता. तिकडे न जाणं म्हणजे तिथे खेळण्याची कुवत नव्हती, असा अर्थ काढणं बरोबर नाही.

वर्ल्ड कपचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तुमच्या लेखात वाचकाला नेमका तोच अडेल.

1930 च्या पहिल्या वर्ल्ड कपला पात्रता फेरीच नव्हती. स्पर्धा उरुग्वेत, युरोपातून मोजकेच चार संघ बोटीने गेले. 1934 साठी पात्रता फेरी झाली, एस्टोनिया आणि लिथुएनिया स्वीडनच्या गटात उतरले, लात्व्हिया उतरलाच नाही. म्हणजे पेटर्सन्सच्या साऱ्या कारकिर्दीत त्याच्या देशाने वर्ल्ड कपसाठी प्रयत्न केला तो फक्त एकदा, 1938 च्या स्पर्धेसाठी. या एका वाक्याने तुमच्या आक्षेपातली अर्धी हवा जाते.

आता तो प्रयत्न कसा झाला बघा. 29 जुलै 1937 रोजी रिगात लात्व्हियाने लिथुएनियाला 4-2 असं हरवलं. 3 सप्टेंबरला कौनासमध्ये, त्यांच्याच घरी, 5-1. दोन सामन्यांत नऊ गोल. पुढचा सामना ऑस्ट्रियाशी, तोही एकच आणि तोही व्हियेनात. परतीचा सामना नव्हता. ऑस्ट्रिया म्हणजे 1934 च्या वर्ल्ड कपची उपांत्य फेरी गाठलेला आणि 1936 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य पदक मिळवलेला देश, त्या काळातल्या सर्वांत देखण्या फुटबॉलचं माहेर. 5 ऑक्टोबर 1937 रोजी सामना सुरू झाला आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच लात्व्हियाच्या इल्या वेस्टरमान्सने गोल केला. व्हियेनात, ऑस्ट्रियाविरुद्ध, पाहुणे 1-0 ने पुढे. नंतर कामिलो येरुझालेमने बरोबरी केली आणि फ्रान्झ बिंडरने दुसरा गोल केला. 2-1. लात्व्हिया बाहेर.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 12 मार्च 1938 रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसलं, देश जर्मनीत विलीन केला गेला आणि ऑस्ट्रियाचा संघ वर्ल्ड कपमधून बाहेर पडला. जागा रिकामी झाली. ती इंग्लंडला देऊ केली गेली, त्यांनी नाकारली. त्याच गटात दुसऱ्या आलेल्या लात्व्हियाला कुणी बोलावलं नाही. लियॉनमध्ये ऑस्ट्रियाशी पडणारा स्वीडन न खेळताच पुढच्या फेरीत गेला. मला या प्रसंगाचं आजही वाईट वाटतं. पहिल्या फेरीतला एक सामना एवढाच तो काय हक्क होता, आणि मैदानावर तो त्यांनी कमावला होता असं माझं ठाम मत आहे. तेव्हा 'तो वर्ल्ड कप खेळला नाही' असं नुसतं लिहू नका. लात्व्हियाची ती पिढी वर्ल्ड कपच्या किती जवळ पोचली होती आणि दार कुणी बंद ठेवलं, ते लिहा.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन समजावं म्हणून मी नेहमी नागपूरच्या कर्नल सी. के. नायडूंचं उदाहरण देतो. त्यांच्या वाट्याला 7 कसोटी सामने आले, धावा 350, सरासरी 25. एवढ्यावरून त्यांना साधारण फलंदाज कुणी म्हणत नाही, कारण भारताने पहिली कसोटी 1932 मध्ये खेळली तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा बहर पंचरंगी-चौरंगी सामन्यांत होता, हे आपल्याला ठाऊक आहे. पेटर्सन्सच्या बाबतीत तेवढी पार्श्वभूमी आपल्याजवळ नसते, म्हणून आपण थेट सरासरीकडे जातो.

वयाचा हिशोब पेटर्सन्सच्या बाजूने मात्र चांगला जुळून आला. त्याचा जन्म 1909 चा. लात्व्हियाचं स्वातंत्र्य 1918 चं, फुटबॉल संघटना 1921 ची, आणि देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 24 सप्टेंबर 1922 चा. रिगात, एस्टोनियाविरुद्ध, 1-1. त्या दिवशी लात्व्हियासाठी पहिला गोल एडविन्स बार्डाने केला, तेव्हा पेटर्सन्स तेरा वर्षांचा होता. बार्डाची पिढी युद्धातून, पडझडीतून आलेली. मैदानं, क्लब, नियम सारं त्यांनीच उभं केलं आणि 1924 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकला जाऊन फ्रान्सकडून 7-0 असा मार खाऊन आली. पेटर्सन्स हा त्यानंतरचा. 'आपल्या देशाचा एक संघ आहे' हे गृहीत धरून लहानाचे मोठे झालेल्या पहिल्या मुलांपैकी एक. 1929 च्या सुमारास तो संघात आला आणि महायुद्ध सुरू होईपर्यंत राहिला. लात्व्हियाने त्या साऱ्या अठरा वर्षांत शंभराच्या थोडे वर सामने खेळले, त्यातल्या जवळपास निम्म्या सामन्यांत तो होता. 1924 च्या 7-0 पासून 1937 च्या व्हियेनातल्या 2-1 पर्यंतचा जो प्रवास, त्यातली मधली वर्षं या माणसाच्या पायांवर उभी आहेत. मी त्याला मोठा मानतो ते यासाठी, गोलांची बेरीज त्यानंतर.

त्या मधल्या काळात खेळही बदलत होता. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं. त्याने फॉरवर्डला मोकळीक मिळाली, पण लगेच बचावाची मांडणीही बदलू लागली. पेटर्सन्स या नव्या नियमात वाढला, बार्डा जुन्यात. दोघांची सरासरी शेजारी शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवू नका.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगतो, नाहीतर लेख एकांगी होईल. पेटर्सन्सचा गोलांचा विक्रम साठहून अधिक वर्षं टिकला आणि मग मारिस वेर्पाकोव्स्किसने तो मागे टाकला, असं अभिमानाने लिहिलं जातं. ते खरं आहे. पण जून 1940 मध्ये सोव्हिएत संघाने लात्व्हियाचा ताबा घेतला, आरएफके आणि ओलिंपिया बंद पडले, आणि 1991 पर्यंत लात्व्हिया नावाचा राष्ट्रीय संघ अस्तित्वातच नव्हता. पन्नास वर्षं विक्रम मोडायला कुणी मैदानात नव्हतं. लात्व्हियाच्या खेळाडूंना सोव्हिएत संघाच्या स्पर्धांत खेळावं लागलं, त्यांचे गोल या यादीत येऊच शकत नव्हते. तेव्हा विक्रमाच्या वयावरून त्याचं मोठेपण ठरवू नका. पुढे वेर्पाकोव्स्किस आला, त्याने 2003 च्या प्लेऑफमध्ये तुर्कस्तानविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल करून देशाला युरो 2004 ला नेलं आणि तिथे चेक संघाविरुद्धही गोल केला. त्याचं श्रेय त्याला पूर्ण द्या. दोघांना एकाच पायरीवर उभं करण्याची गरज नाही, पण दोघांमधल्या रिकाम्या पन्नास वर्षांचा उल्लेख केल्याशिवाय त्यांची तुलनाही करू नका.

याच ठिकाणी त्या पिढीच्या पुढच्या आयुष्याबद्दल दोन वाक्यं हवीत. एस्टोनियाचा एलमान-ईल्मा युद्धकाळात सोव्हिएत कैदेत वारला. लात्व्हियातही कित्येक जण हद्दपार झाले, कित्येक 1944 मध्ये पश्चिमेकडे पळाले. पेटर्सन्स 1987 पर्यंत जगला. ज्या संघासाठी तो दहा वर्षं खेळला तो संघ पुन्हा उभा राहिलेला बघायला त्याला चारच वर्षं कमी पडली. तिकडच्या लोकांच्या मनात त्याच्याबद्दल जो मान आहे, त्यात हेही आहे. तो खेळला तेव्हा छातीवर जे नाव होतं, ते पुढे अर्धशतक मैदानावर दिसलं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर लेख असा बांधला असता. आकडा देताना 'साठाहून अधिक सामने, वीसहून अधिक गोल' असं लिहून लगेच कुठल्या नियमाने मोजलं ते सांगितलं असतं. नेमका आकडा हवाच असेल तर लात्व्हियाच्या फुटबॉल संघटनेची यादी धरा आणि ती धरली आहे असं लिहा, दोन साइटच्या आकड्यांची सरासरी काढू नका. मग तीन सामने निवडा आणि त्यांच्याबद्दल मनसोक्त लिहा, सगळी कारकीर्द वर्षवार सांगत बसलात तर वाचक तिसऱ्या परिच्छेदात निघून जाईल. माझी निवड अशी असेल: 1932 चा रिगातला बाल्टिक चषक, 1937 मधलं कौनास आणि 1938 मध्ये रिगात पोलंडवर मिळवलेला विजय. यातल्या प्रत्येक सामन्याचा संघ वर्तमानपत्रातून आधी पडताळा, तो त्या दिवशी खेळला का आणि कुठल्या जागेवर, हे दोन ठिकाणी जुळल्याशिवाय त्याचं नाव त्या प्रसंगाशी जोडू नका. व्हियेनाचा सामना लेखात घ्याच, पण गोल वेस्टरमान्सचा आहे हे ठळकपणे लिहा. असे प्रसंग हळूहळू सर्वांत प्रसिद्ध खेळाडूच्या नावावर सरकत जातात आणि मग वेस्टरमान्ससारखा माणूस दुसऱ्यांदा विसरला जातो.

आणि अल्बर्ट्स शैबेलिस, फ्रिसिस कानेप्स, बार्डा बंधू यांना एखादा परिच्छेद द्या. पाच फॉरवर्डच्या ओळीत एकट्या माणसाचं वर्णन करता येत नाही, शेजारी कोण होता त्यावर त्याचा खेळ ठरायचा.

जुन्या लेखनपद्धतीतली नावांची रूपं हवी असतील तर सांगा, माझ्याकडे त्या संघातल्या बहुतेक खेळाडूंची यादी तयार आहे. लेखाचा मसुदा झाला की तारखा आणि गोलफरक मी पडताळून देईन.